विहीणबाईंच्या गालाची बंदूक

विहीणबाई, तुमच्या गालाची जागा त्या लाकडात अजून तशीच आहे, आणि हे म्हणत होते तिच्यावर कानस फिरवू.

काल तुमचं तेरावं आटपून आम्ही घरी आलो. घरी म्हणजे काय, रस्ता ओलांडला. रस्त्याच्या त्या बाजूला तुमचं सारसोळे गाव, सुकत घातलेले बोंबील आणि तुमची तीन मजली बिल्डिंग. या बाजूला आमच्या सोसायट्या, तुळशीच्या कुंड्या आणि वॉचमन. मी पायांवर पाणी घेतलं, चहा टाकला. हे बाल्कनीतल्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "परवा रविवारी स्पर्धा आहे. तिच्या जागी तू आडवी होशील का?"

तेराव्याच्या दिवशी बायकोला विचारायची ही रीत! मी म्हटलं, "अहो, जरा बरं बोला. मी एवढ्यात आडवी होणार नाही."

तुम्ही असतात तर हसून हसून पदर तोंडात कोंबला असतात. हे हसले नाहीत. यांना फक्त बंदूक दिसत होती. ती पोटावर आडवं होऊन चालवायची असते आणि ती चालवणारं माणूस उरलं नाही, एवढंच. म्हणाले, "तुझा गाल त्या लाकडावर बसायचा नाही. ती खोलगट जागा घासून सपाट करतो आणि वर नवी फळी चिकटवतो. उद्या क्लबात जाऊन करून टाकू."

मला काय वाटलं ते खरं सांगू? आधी बरं वाटलं. चला, आता तरी ती बंदूक माझ्या गालाची होईल. मग चहा उतू गेला.

तुमचा हेवा मी आजचा करत नाही. वैशाली तुमच्या घरात दिली त्या दिवसापासून करते. लेक प्रेमात पडली, आम्ही घाटावरची माणसं, तुम्ही खाडीवरची. मला वाटलं होतं मीच काय ती मोठेपणा दाखवून लग्नाला हो म्हणतेय. आणि मांडवात बघते तर वरमाई म्हणून पाटावर तुम्ही, आणि तुमचे पाय धुवायला खाली मी! तुम्ही वाकून कानात म्हणालात, "इनबाय, टाचा नीट घास गो, भेगा हायेत." मी त्या रात्री यांना म्हटलं, बाई आगाऊ आहे. हे म्हणाले, बाई मोकळी आहे. तिथून जे सुरू झालं ते झालंच.

पण टाचांचं मी सोडून दिलं असतं. बंदुकीचं मला सोडवत नव्हतं, कारण बंदूक ही आमच्या घरात माझी मक्तेदारी होती. तुम्हाला मी ती गोष्ट कितीदा सांगितली असेल! नवी नवरी असताना छावणीत बायकांसाठी एक दिवस ठेवला होता. हे फौजेत आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे, म्हणून मला पहिला मान. मी नऊवारीचा काष्टा आवळला, गोळी झाडली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी गोष्ट इथं संपायची. पुढचं मी कधी सांगितलं नाही, ते यांनीच एकदा तुमच्यासमोर सांगून टाकलं: की मी दोन्ही डोळे गच्च मिटले होते, आणि छिद्र पडलं ते शेजारच्या कर्नलबाईंच्या टार्गेटवर. टाळ्या कर्नलबाईंना होत्या. ती वीस वर्षांची भवानी, म्हणजे मी, मान वाकवून सगळ्यांना नमस्कार करत फिरली! वर गावाला पत्र टाकलं, माझा नेम बघून साहेब चकित झाले म्हणून. झाले असतीलच बिचारे.

तर अशा या नेमबाजाच्या डोळ्यांदेखत तुम्ही ती बंदूक घेऊन गेलात.

यांचं ते खूळ रिटायर झाल्यावरचं. लढाईच्या काळात लपून बसून लांबचा नेम धरणारे जी दुर्बीण लावलेली रायफल वापरायचे, ती यांनी तरुणपणी वर्कशॉपात हाताळली होती. तिच्याबद्दल हे असे बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं कॉलेजातली कोणी मैत्रीण. खरी रायफल आपल्यासारख्यांना मिळत नाही, कायदाच नाही तसा. म्हणून आमच्या क्लबानं शक्कल काढली. द्रोणागिरीच्या बाजूला, डोंगराला पाठ लावून क्लबाचं मैदान आहे, तिथं वर्षातून एकदा जुन्या फौजी वळणाच्या बंदुकांची स्पर्धा. आतली बंदूक परवान्याची, छोट्या गोळीची, पण बाहेरचा साज हुबेहूब जुना हवा. पैसेवाले तयार विकत आणायचे. बेलापूरच्या एका बिल्डरनं पुण्याहून अशी चकचकीत करून आणली होती की तिच्यात तोंड बघून भांग पाडावा. हे म्हणाले, विकत घेतलेली नक्कल ती नक्कलच. हातानं केलेली नक्कल निम्मी खरी असते. लोखंड सगळं क्लबाच्या कुलपात. लाकूड मात्र आमच्या बाल्कनीत. अक्रोडाचा ठोकळा आला, रंधा आला, जवसाचं तेल आलं. जवसाची चटणी खाणारी मी, पण त्या दिवसांत घरभर तो वास, आणि हे बंदुकीच्या त्या लाकडी दस्त्यावर तळव्यानं तेल जिरवतायत, जिरवतायत. माझ्या सांधेदुखीला कधी एवढं तेल लागलं नाही!

आणि एवढं होऊन यांच्या डोळ्यात मोतीबिंदू. बंदूक तयार होत आली आणि नेम धरायला डोळा नाही.

मी वाट बघत होते, कधी विचारतात. साडी बदलून तयारच होते म्हणा ना. पण त्याच आठवड्यात आपण सगळे तुमच्या अंगणात बसलो होतो आणि कावळा बोंबिलाला चोच मारायला उतरला. तुम्ही बोलता बोलता खडा उचललात, भिरकावलात, आणि कावळ्याच्या शेजारचा पत्र्याचा डबा टणकन उडाला. कावळा घाबरून पळाला. मी म्हटलं, "चुकला की हो नेम." तुम्ही म्हणालात, "कावल्याला कनाला मारू? डब्यालाच मारला. लहानपनी भातावर राखन बसायचू मी, गोफन घेऊन. पाखरू मारायचा नाय, उरवून लावायचा."

यांनी कप खाली ठेवला. तुमच्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की मला माझ्या लग्नातला अंतरपाट आठवला. तो दूर झाल्यावरसुद्धा यांनी माझ्याकडे एवढं निरखून बघितलं नव्हतं.

मग माप घ्यायचा दिवस. दस्त्याच्या वर एक लाकडाचा तुकडा बसवायचा असतो, गाल टेकवायला. तिथं गाल अगदी रोज त्याच जागी टेकला पाहिजे, तरच डोळा दुर्बिणीच्या बरोबर मागे येतो. हे त्याचं काहीतरी इंग्रजी नाव घ्यायचे. तुम्ही त्याला गालाचा पाट म्हणायला लागलात, आणि अख्खा क्लब तेच म्हणायला लागला. तो पाट तुमच्या गालाच्या मापाचा हवा म्हणून साचा घ्यायचा. आणि साचा कशात घेतला, तर माझ्या परातीतल्या कणकेत! मी पोळ्या लाटायला वळते तो गोळा गायब. बाहेर येऊन बघते तर तुम्ही माझ्या सोफ्यावर ताठ बसलेल्या, आणि माझा नवरा माझी कणीक तुमच्या उजव्या गालावर हलक्या हातानं दाबतोय. "हलू नका हं, हिराबाई. अगदी हलू नका." किती मऊ आवाज तो! आमच्याकडे तो आवाज फक्त साखर हवी असताना निघतो.

साचा कागदावर उतरवून झाल्यावर मी तो गोळा उचलला, पुन्हा मळला, पोळी लाटली आणि तूप लावून यांच्याच पानात वाढली. यांनी चवीनं खाल्ली. तुम्हाला हे वैशालीनं सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मंग? गोर लागली ना?" तुमच्याशी भांडायची काही सोयच नव्हती हो.

बाल्कनीत लाकूड कोरून झालं, क्लबात बंदुकीवर चढलं, आणि तुम्ही सरावाला जायला लागलात. लुगडं आवळून चटईवर पालथ्या पडायच्या, आणि ठो, ठो, ठो. पोरंसोरं बघायला यायची. मी डबा घेऊन बरोबर असायची, कारण दोघांना एकटं सोडायची माझी तयारी नव्हती. पन्नाशी उलटलेली बाई मी, चष्मा नाकावर, मांडीवर विणकाम, आणि डोळा सारखा तुमच्यावर. टाके किती सुटले असतील! आपल्या नातीचा, सोनलचा, तो स्वेटर आठवतो ना, एक बाही गुडघ्यापर्यंत आलेला? तो त्या दिवसांतला.

मग पहिल्या वर्षीची स्पर्धा. तुम्ही मैदानात शिरलात आणि तिथल्या सुभेदारसाहेबांनी हात आडवा केला. "बाई, तोंडात काय आहे? पान? ते बाहेर टाकून या. इथं चालायचं नाही." तुम्ही निमूटपणे गेलात, चूळ भरून आलात, आडव्या झालात, आणि एकही गोळी धड लागली नाही. बिल्डर जिंकला. हे दुर्बीण उलटी-सुलटी करून बघत होते, पट्टा हलवून बघत होते. तुम्ही यांना एवढंच म्हणालात, "मना नीट दिसलाच नाय, हवालदार. अर्धा काला, अर्धा उजेर." यांचा चेहरा पडलेला, तुमचा पडलेला. माझा पडला नव्हता. मी तिळगुळासारखी गोड हसत सगळ्यांना थर्मासमधला चहा देत होते.

परतीच्या रिक्षात तुम्ही मधे, आम्ही दोन बाजूंना. तुम्ही कनवटीची चंची काढलीत, पान लावलंत, चुना, कात, तंबाखूची चिमूट, आणि विडा उजव्या गालात सारलात. गाल टम्म फुगला. मी बघतच राहिले. तो गाल मी कणकेत बघितला होता! अगदी तसाच, तेवढाच!

"अहो," मी यांना म्हटलं, "तुम्ही विहीणबाईंचा गाल मोजलाच नाहीत. तुम्ही विडा मोजलात!"

रिक्षावाल्यानंसुद्धा मागे वळून बघितलं. तेव्हा तुम्ही सांगितलंत. त्या दिवशी तुम्ही विडा तोंडात घेऊनच आला होतात. माझ्या घरात पान खाल्लेलं मला चालत नाही, जिन्यात कोणी पिंक टाकली तर मी सोसायटीच्या सेक्रेटरीला उभं करते, हे तुम्हाला ठाऊक. म्हणून थुंकायचं नाही, चावायचं नाही, विडा गालात दाबून गुपचूप बसायचं. आणि यांना तो फुगा दिसत होता की नव्हता? दिसत होता! पण मुलीची सासू. तिला कसं म्हणायचं, बाई तोंड उघडा आणि ते टाका? मान राखला. तुम्ही माझ्या फरशीचा मान राखलात, यांनी तुमचा राखला, आणि अक्रोडाच्या लाकडात खड्डा पडला.

हसता हसता तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. यांनी तेव्हाही हेच म्हटलं होतं: सपाट करतो, वर फळी चिकटवतो. तुम्ही म्हणालात, "हात लावायचा नाय. एवरा सोन्यासारखा पाट. तो नाय बदलायचा, मीच कायतरी करतू." आणि पुढच्या वर्षी तुम्ही अख्खी सुपारी गालात धरून आलात. चावायची नाही, थुंकायची नाही, नुसती धरायची. सुभेदारसाहेबांनी डोकं खाजवलं, पण सुपारीला मनाई करायला त्यांना काही सापडलं नाही. तुम्ही जिंकलात. बिल्डरनं तुमच्या पायाला हात लावला. आणि फोटोत हे तुमच्या शेजारी, छाती पुढे काढून. मी कुठं आहे? मी फोटो काढतेय. म्हणून तर तुमचं डोकं कापलं गेलंय. मुद्दाम नाही हो. बरं, थोडं मुद्दाम.

आता ते सांगते जे कोणाला सांगितलं नाही.

त्या स्पर्धेआधीच्या एका सरावाचा दिवस. सोनल सुट्टीत माझ्याकडे राहायला येणार होती आणि ऐन वेळी "आयेकडंच राहते" म्हणाली. आये म्हणजे तुम्ही. तुम्हाला आये आणि मला आजी. मी त्याचाही हेवा केलाय, आये ऐकायला जवळचं वाटतं. मी पुरणाचा घाट घातला होता, गादीला नवी चादर घातली होती. तुम्ही चटईवर आडव्या, हे लांब टार्गेट लावायला गेलेले. बंदूक अजून रिकामी होती. मी खुर्ची तुमच्याजवळ ओढली. म्हटलं, "विहीणबाई, खरं सांगा. सोनलला मी आवडत नाही का हो?"

तुम्ही दुर्बिणीतून डोळा काढला नाहीत. मान वळवली नाहीत. साधं हूं नाही. मी पुन्हा विचारलं. तुम्ही गप्प. थोड्या वेळानं हे आले, खूण केली, तुम्ही गोळी भरलीत आणि मधोमध लावलीत.

माझ्या मनात काय आलं असेल? हेच की बाईला माज आहे. उत्तर द्यायची गरजच वाटत नाही तिला, उत्तर टार्गेटवर लिहून दिलं तिनं. दुसऱ्या दिवशी तुम्ही सुक्या जवळ्याची चटणी घेऊन दारात उभ्या राहिलात. "काल काय इचारत व्हतीस गो तू?" मी म्हटलं, "काही नाही. घरी साखर आहे का विचारत होते." तुम्ही मग घरी जाऊन साखर पाठवून दिलीत. पिशवीभर. ती माझ्याकडे अजून आहे, मी हट्टानं वापरली नाही.

आणि परवापरवापर्यंत मला वाटत होतं वेळ आहे. मी तशी थंड डोक्यानं भांडणारी. माझी भांडणं लोणच्यासारखी मुरवते. तुम्ही मात्र सकाळी जवळा निवडता निवडता गेलात. मुरायलाही वेळ दिला नाहीत.

काल निघताना वैशालीनं तुमची चंची माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "सोनल म्हणते आजीला दे." मी म्हटलं, मला काय करायची, मी पान खात नाही. पण घेतली.

तर आज सकाळी क्लबात गेलो. यांच्या पिशवीत कानस, फळीचा तुकडा, सरसाची डबी. मी म्हटलं, आधी एकदा तशीच बघू द्या. साडीचा काष्टा आवळला. छावणीतल्या त्या भवानीची आठवण झाली. म्हटलं, बाई, या खेपेला निदान एक डोळा उघडा ठेव. चटईवर पालथी झाले. उठताना क्रेन लागणार हे तिथंच कळलं. गाल पाटावर ठेवला आणि दुर्बिणीत बघितलं, तर बाजूनं काळी कोर. अर्धा काळा, अर्धा उजेड. माझा गाल तुमच्या जागेत बुडालाच. कवळी लागल्यापासून गाल तरी कुठं राहिलाय मला!

"बघ," हे म्हणाले. "सांगितलं नव्हतं? हो बाजूला." आणि पिशवीतून कानस काढली.

कानस लाकडाला टेकली, विहीणबाई. टेकली आणि मी यांचं मनगट धरलं. "थांबा." हे थांबले. हातात कानस, डोळ्यांत पाणी. म्हणजे यांनाही ते नकोच होतं तर! मी पर्समधून तुमची चंची काढली. पानं वाळून गेली होती, चुना कडक झाला होता, पण सुपारी होती. पदराला पुसून उजव्या गालात धरली.

आणि गाल बसला. पाटावर पाहुण्याला बसवावं तसा बसला. काळी कोर सरकत सरकत गेली आणि दुर्बीण उजेडानं भरली. लांबचं ते टार्गेट असं समोर आलं की हात लावावा. तुम्ही एवढं सगळं बघत होतात आणि एका शब्दानं सांगितलं नाहीत!

"दिसतंय का गं?" यांनी विचारलं.

मला हो म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं तर सुपारी हलणार, गाल हलणार आणि तो उजेड जाणार. मी गप्प राहिले. हे पुन्हा म्हणाले, "अगं, विचारतोय ना? दिसतंय का?" मी हूं सुद्धा केलं नाही.

आणि तशीच पालथी, नाक लाकडाला, डोळा उजेडात, मी तुमच्यासाठी रडले. तेराव्याला जमलं नव्हतं. मी सोनलबद्दल विचारलं त्या दिवशी तुमच्या गालात सुपारी होती, एवढंच होतं ते. विचारायचीही वेळ मी काय शोधली होती!

पाट तसाच राहिला. सरसाची डबी उघडलीसुद्धा नाही. उद्या मी आडवी होणार. हरले तर लोक म्हणतील, गाल हिराबाईंचा नव्हता. जिंकले तर म्हणतील, गाल हिराबाईंचा होता. म्हणजे दोन्हीकडून नाव तुमचंच! हेवा गेलाय असं समजू नका, मी काही संत झालेली नाही.

फक्त एक काम करा. उद्या सोनल येणार आहे बघायला. माझ्या मागे येऊन उभी राहील आणि काहीतरी विचारेल, ती विचारतेच. मी उत्तर देणार नाही. तेव्हा तेवढ्यापुरतं तिच्या कानाशी जा आणि तुमच्या आवाजात सांगा: आजी रुसली नाय गो, आजीच्या गालात सुपारी हाय.